दोन डावीकडे, तीन उजवीकडे

दुधी भोपळ्याबद्दल मास्तरांचं मत फार वाईट होतं. "मागच्या सीटवरचा पॅसेंजर हाय तो," ते म्हणायचे. "आडवा पडणार, पाय पसरणार, शेजारच्याच्या अंगावर झोपणार. त्याला पुढं बसवायचा नाय." म्हणून दुधीची जागा कायम शेवटच्या ओळीत, कुंपणाशी. काकडीही तिथंच, कारण तीही त्याच वळणाची. भेंडीला मात्र पुढच्या रांगेत मान. सरळ उभी राहते, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. आणि एसटीत जी सीट आमदारांसाठी राखीव असते, तिथं वांगी. "आमदार कधी येत नाय, वांगं तरी येतं," हे त्यावरचं स्पष्टीकरण.

हे मास्तर म्हणजे माझे घरमालक. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नाही. एसटीत कंडक्टर होते, आणि कंडक्टरला सगळे मास्तरच म्हणतात. मी मूळची सांगलीकडची. शहापूरला दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागले, तेव्हा किन्हवलीच्या रस्त्यावरच्या एका गावात त्यांच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. सामान घेऊन दारात उभी राहिले, नमस्कार करावा म्हणून हात जोडले, तर हे म्हणतात, "पुढं सरका मॅडम, दारात गर्दी करू नका." माझ्या मागं चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, झालं, घरमालक वेडा मिळाला. पुढं तीन वर्षं तिथं राहिले, आणि ते मत फारसं बदलावं लागलं नाही, पण वेड चांगल्या जातीचं होतं.

रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी हा माणूस गाडीतून उतरलेलाच नव्हता. कुठलंही काम सुरू करताना खांबावर दोन टिचक्या मारायचे, "चला, डबल." जेवायला बसले की ताटावर दोन टिचक्या. पोट भरलं की एक. बायको जाऊन खूप वर्षं झालेली, मूलबाळ नाही, त्यामुळे या टिचक्या ऐकायला घरात मीच. पहिले काही महिने मला त्याचा एवढा संताप यायचा की मी मुद्दाम रेडिओ मोठा करायची. मग सवय झाली. एकदा दवाखान्यात सुई टोचायच्या आधी मीच टेबलावर दोन टिचक्या मारल्या आणि पेशंट घाबरून उठला.

तर भाजीची वाडी. पौषातली म्हसा गावची यात्रा आटोपली, थंडी ओसरली, की मास्तरांना घराच्या मागची जागा दिसायला लागायची. चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर अख्खी गाडी आखायचे. डावीकडे दोन-दोनच्या ओळी, उजवीकडे तीन-तीनच्या, मधून पाणी घालत चालायला वाट. सबंध माघ आखण्यात जायचा. आज आखलं ते उद्या पुसायचं, कारण गवारीला खिडकी हवी आणि ती तर माठाला दिली. मी ओसरीवरून विचारायची, "मास्तर, गाडी सुटणार कधी?" ते मान वर न करता म्हणायचे, "टाइम झाल्यावर." टाइम होईपर्यंत आजूबाजूच्यांच्या वेली मांडवावर चढलेल्या असायच्या. उन्हाळाभर एवढं करून भाजी निघायची ती एका माणसापुरती, तीही मला खावी लागायची, कारण मास्तर स्वतः सुकट-भाकरीवर खूश असायचे.

आता त्यांच्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्याच्यामुळेच आहे. घर मुळात एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. पलीकडे धाकटे, त्यांची बायको आणि मुलगी मनी. विहीर सामाईक. आणि दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. भांडत नसत, शिव्याही देत नसत. नुसते बोलत नसत, आणि तेही मनीच्या जन्माच्या आधीपासून.

या न बोलण्याचा सगळा भार माझ्यावर. मी अंगणात कपडे वाळत घालतेय, एका बाजूला ओटीवर मास्तर, दुसऱ्या बाजूला विहिरीवर धाकटे. मास्तर म्हणणार, "मॅडम, त्याला सांगा, पंप बंद कर म्हणावं. माझी पाळी सुरू झाली." धाकटे तिकडून, "ताई, त्यांना सांगा, टाकी भरली की करतो." दोघांनाही दोघांचं स्वच्छ ऐकू आलेलं असायचं, पण मी बोलल्याशिवाय ते पोचलं असं कुणी धरायचं नाही. एकदा मी वैतागून तोंड मिटून उभी राहिले. टाकी वाहिली, अंगणात चिखल झाला, माझे धुतलेले परकर त्यात पडले, पण पंप कुणी बंद केला नाही. शेवटी मीच ओरडले.

भांडण कशावरून, ते मला मनीनं सांगितलं. मनी दोन्ही घरची. कुंपणाच्या फटीतून ताकाचा तांब्या घेऊन यायची, "मोठेबाबा" म्हणून मास्तरांच्या मांडीशी बसायची, आणि तिला कुणी अडवायचं नाही. धाकट्यांचं लग्न ठरलेलं तेव्हाची गोष्ट. ते होणाऱ्या सासऱ्यांना घेऊन म्हशाच्या यात्रेला निघाले, बैल बघायला. गाडीत चढताना सासऱ्यांना म्हणाले, कंडक्टर माझा सख्खा भाऊ, आपल्याला कोण तिकीट विचारतंय. मास्तर आले आणि त्यांनी तिकीट विचारलं. सासऱ्यांनी बिचाऱ्यांनी आपलं काढलं. धाकटे हसले, "काय रे, चेष्टा करतोस?" मास्तरांनी एक घंटी मारून गाडी थांबवली आणि भावाला भर उन्हात माळावर उतरवलं. सासरे खिडकीतून बघत म्हशाला गेले. लग्न मोडलं नाही हेच नशीब.

मी हे ऐकून मास्तरांवर भडकले. सरळ जाऊन म्हटलं, "असं करतं का कोणी?" ते शांतपणे म्हणाले, "तिकीट नाय तर उतरायचं. त्यात माझं काय चुकलं?" मग बराच वेळ सुतळी गुंडाळत बसले. "पण त्याचे सासरे बघत होते," एवढंच पुढं बोलले.

त्या वर्षी मनीचं लग्न टोकावड्याकडे ठरलं, वैशाखातली तारीख. मास्तरांनी यंदा माघ लागायच्या आत फक्की काढली. चिंध्या बांधून खुंट्या ठोकल्या, जुन्या डब्यांमधे वांग्याची रोपं केली, रोज दोनदा जाऊन त्यांना बघून यायला लागले. मला कळेना, काय झालंय. एका संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "मॅडम, मनीच्या मांडवात भाजी माझ्या वाडीची जाणार."

"बोलणं नाही, चालणं नाही, आणि भाजी कशी जाणार?"

"टोपली मांडवाच्या तोंडाशी ठेवायची आणि मागं फिरायचं. भाजीला काय बोलावं लागत नाय."

"आणि तुम्ही? तुम्ही जाणार की नाही लग्नाला?"

मास्तरांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "त्याच्या लग्नात मी गेलेलो. मांडवात बसलेलो दिवसभर. वाटलं, वळून बघंल, हाक मारंल. जेवायला पण कोण उठवायला आलं नाय. तसाच उठून घरी आलो. तेव्हा बायको होती, तिनं भात टाकला." बशी खाली ठेवली. "पोरीच्या लग्नात तसं नको व्हायला. भाजी गेली तर बघंल तो. बघितलं तर बोलावंल. नाय बोलावलं तर..." हा एवढा ताठ माणूस भेंडीच्या मागं लपून भावाकडे जायची वाट शोधत होता. मला शपथ घालून ठेवली, कुणाजवळ बोलायचं नाही, मनीजवळसुद्धा नाही.

होळी झाली आणि गाडी सुटली. म्हणजे बी पेरलं. भेंडी, गवार, दुधी, काकडी, माठ, ज्याची त्याची सीट बघून. वांग्याची रोपं अजून डब्यात ओसरीवरच होती, ती मागून लावायची होती. ऊन वाढलेलं, विहीर खाली गेलेली. तेव्हा मी सल्ला दिला की वर पालापाचोळा जाड अंथरा. आमच्याकडे उसाचं पाचट टाकतात शेतात, ओल धरून राहते. सल्ला चांगला होता, मी आजही म्हणेन. मास्तरांना पटला. त्यांनी सागाचा, आंब्याचा पाला ओढून आणला, खाली शेणखत होतंच, वर पाला पसरला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर बारीक माती भुरभुरवली. गाडी पूर्ण झाकली गेली. एक खुंटीसुद्धा दिसेना. मग ते मुरबाडला गेले. त्यांच्या गाडीचा जुना ड्रायव्हर वारला होता, त्याच्या तेराव्याला. रात्री तिथंच राहून रविवारी दुपारच्या गाडीनं परत यायचे होते.

रविवारी सकाळी मला धुराचा वास आला. आधी वाटलं, कुणीतरी कचरा पेटवला असेल. मागच्या दारानं बाहेर गेले तर अख्खी वाडी धुमसत होती. धाकटे डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात ओली फांदी घेऊन कडेकडेनं फिरत होते. बाजूला पाण्यानं भरलेले हंडे ठेवलेले. मी किंचाळलेच, "काय केलंत हे?"

"राब भाजला, ताई. घाबरू नका. वाऱ्याच्या उलट अंगानं लावलाय, घराला धक्का नाय लागायचा."

मला राब म्हणजे काय ते नीटसं माहीत नव्हतं. धाकट्यांनीच सांगितलं. पावसाळ्यात भाताची रोपं करायची जागा इकडे उन्हाळ्यात भाजून ठेवतात. शेण, पाला, काट्याकुट्या पसरायच्या, वर बारीक माती टाकायची आणि पेटवायचं. तण मरतं, माती मोकळी होते. ही घरामागची जागा त्यांच्या वडिलांच्या काळापासून राबाचीच. मास्तरांनी शेती दुसऱ्याला करायला दिल्यापासून तिथं कुणी काही भाजलं नव्हतं.

"काल बघितलं, राब रचून ठेवलाय," धाकटे म्हणाले. "म्हटलं, मोठा यंदा भाजीचा नाद सोडून स्वतः भात लावतोय. पण एकटा म्हातारा माणूस, वारा उठला तर काय करंल? तो यायच्या आत उरकून टाकू." हे ते अगदी आनंदानं बोलले. "पण त्याला सांगू नका मी केलं म्हणून. आपोआप लागला म्हणा."

"आपोआप कसा लागेल?" मी म्हटलं. आणि मग सांगून टाकलं. "अहो, त्यात भेंडी होती."

"कसली भेंडी?"

"भेंडी, गवार, काकडी, सगळं. परवाच पेरलंय. वर पाला टाकलाय तो ओल राहावी म्हणून."

त्यांनी हातातल्या फांदीकडे बघितलं. "राबात भेंडी कोण पेरतो?" असं पुटपुटत बांधावर बसले. माझा तोल गेला. शपथ गेली खड्ड्यात, असं म्हणून मी बोलले, "तुमच्या मनीच्या मांडवासाठी होती ती भाजी. सबंध थंडीभर त्यासाठी राबलेत ते. तुम्ही लग्नाला बोलवावं म्हणून." धाकटे रडले. धुरामुळं वगैरे नाही, सरळ रडले. शपथ मोडली ते बरंच केलं, असं मला तेव्हाही वाटलं.

पण दुपारची गाडी येणारच होती. ज्या माणसानं तिकिटासाठी भावाला माळावर सोडलं, तो आपली आखीव गाडी जळलेली बघून काय करेल? मुद्दाम जाळली असंच म्हणणार. मग पुढं पंपाचे निरोपही बंद, मनीचा ताकाचा तांब्याही बंद, आणि लग्न तर विसरायचंच. मी म्हटलं, "तुम्ही घरात बसा, मी सांगते त्यांना." धाकटे उठले, तोंड धुऊन आले. "नाय ताई. माझं मी सांगतो. तुमी फक्त उभ्या राहा संगतीला."

थांब्यावर आम्ही दोघे. गाडी आली, मास्तर सगळ्यांच्या मागून उतरले. समोर भाऊ बघून जागीच थबकले. धाकट्यांनी तोंड उघडलं आणि सवयीनं माझ्याकडे वळले, "ताई, त्यांना सांगा..."

"मी काही सांगणार नाही," मी म्हटलं. "टपाल आजपासून बंद."

मग धाकटे खाली बघत म्हणाले, "राब समजून भाजला रे. भाजी होती ते मला ठाव नव्हतं."

मास्तर छत्री काखेत मारून चालायला लागले. मागं धाकटे, त्यांच्या मागं मी. तेवढा रस्ता मला फार लांब वाटला. वाडीशी आल्यावर ते वाकले, राखेची मूठ उचलून बोटांत चोळून बघितली. जिथं मधली वाट होती तिथून शेवटपर्यंत गेले. कोपऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "हा कोपरा कच्चा राहिला."

कुणाला म्हणाले कळेना. मी ओठ दाबून गप्प उभी.

"तिथं खाली दगड हाय," धाकटे म्हणाले. "बाबाच्या टायमापासून हाय. म्हणून तिथं आग नेली नाय."

"होता. मी काढला मागल्या साली."

"तो दगड? एकट्यानं काढलास? मला हाक मारायची होती."

"कशी मारणार?" मास्तर म्हणाले.

मास्तर बांधावर बसले, जरा सरकले, आणि धाकटे शेजारी बसले. थोड्या वेळानं मास्तरांचा आवाज आला, "भेंडीचं बी हाय का तुझ्याकडं?" "हाय. गवारीचं बघावं लागंल." मी आत आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि भर दुपारी पडून झोपले. एवढी गाढ झोप मला त्या घरात कधी लागली नव्हती.

पुढचे काही दिवस कानाला सुख होतं. दोघे सकाळपासून भांडायचे, समोरासमोर, मला न विचारता. धाकटे म्हणायचे, "ही काय लावायची रीत झाली? सरळ सरी पाड ना." मास्तर म्हणायचे, "माझी गाडी हाय, मी आखणार." शेवटी गाडीच आखली, भाजलेल्या राखेवर, डावीकडे दोन, उजवीकडे तीन. धाकट्यांनी विहिरीच्या पाण्याची आपली पाळीही वाडीला सोडली. मी पाल्याचा विषय पुन्हा काढला नाही.

भाजी आली, पण अशी काही रास लागली नाही. काकडी उन्हानं करपली. माठ कोंबड्यांनी उकरला. भेंडी आणि वांगी बऱ्यापैकी निघाली, दुधीनं कुंपण ओलांडून धाकट्यांच्या छपरावर ताणून दिली. मांडवात सगळं गाव जेवायला येणार, तिथं या टोपलीचं काय व्हायचं? आचारी टोपलीकडे बघून हसला. मास्तरांचा चेहरा पडला. तेव्हा धाकट्यांची बायको म्हणाली, "मांडवाला नाय पुरत तर मनीचं केळवण करा की. पोरीला आधी काकाच्या घरचं जेवण नको काय?"

केळवणाचा स्वयंपाक मास्तरांनी स्वतः केला. मला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. भरलं वांगं, भेंडी, दुधीची खीर, तांदळाच्या भाकरी. मनी नव्या साडीत पाटावर बसली, शेजारी आई, शेजारी धाकटे. तिकिटाच्या भांडणानंतर धाकटे पहिल्यांदाच या घरात जेवायला बसत होते. मास्तर वाढपी होऊन उभे. धाकटे काही घास उचलेनात.

"काय झालं? मीठ कमी हाय?" मास्तरांनी विचारलं.

"तू बस आधी."

"मी मागनं बसतो."

"मागनं नाय. आता बस. नायतर मी उठतो."

मास्तर बसले. मनीनं त्यांना वाढलं. वांग्यात मीठ खरंच कमी होतं, पण मी मागितलं नाही, आणि कुणीच मागितलं नाही.

लग्नात मास्तर मांडवाच्या पुढच्या रांगेत होते. पंगत बसली तेव्हा धाकटे स्वतः त्यांना हाताला धरून घेऊन गेले. मनी निघताना दोघांच्या गळ्यात पडून रडली, आणि दोघांनीही एकमेकांना धीर दिला, ते मी बघितलं. दुसऱ्या दिवशी मांडव उतरला, पाहुणे गेले.

त्यानंतरच्या सकाळी मी कामाला निघाले होते. मास्तर ओटीवर बशीतून चहा पीत बसलेले. विहिरीवरून धाकट्यांची हाक आली, "दादा, पाणी सोडलंय रे, पाइप लाव."

मास्तर हलले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. सवयच ती, मी सांगायला वळले, "मास्तर, ते हाक मारतायत."

"ऐकलं," ते हळूच म्हणाले. "गप राहा. अजून एकदा मारू दे."